दहा दिनारांचा शिपाई

लढाईचा खेळ म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर तलवारी येतात. माझ्या डोळ्यांसमोर पगारपत्रक येते. याला माझा नाइलाज आहे. बी.कॉम. होऊन वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला महाभारत वाचतानाही अठरा अक्षौहिणींच्या शिध्याचा हिशोब कोण ठेवत होते, हा प्रश्न आधी पडतो. अर्जुनाचा विषाद नंतर.

म्हणूनच ‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ हा संगणकावरचा खेळ मला मनापासून आवडला. तो २०१० साली निघाला. करणारी कंपनी टेलवर्ल्ड्स. तुर्कस्तानातल्या अंकारा शहरात आर्माआन यावुझ आणि त्यांची पत्नी इपेक यांनी ती काढली. नवराबायकोने मिळून काढलेला धंदा म्हणूनच की काय, या खेळात शौर्यापेक्षा घरखर्चाला जास्त मान आहे.

कॅलरेडिया नावाचा एक काल्पनिक मध्ययुगीन मुलूख. सहा राज्ये एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यात तुम्ही जवळजवळ अंगावरच्या कपड्यांनिशी दाखल होता. तत्पूर्वी तुमच्याकडून एक अर्जच भरून घेतात म्हणा ना : वडील काय करत होते, बालपण कसे गेले, घरदार का सोडले. या शेवटल्या प्रश्नाला ‘पैशाची आणि सत्तेची हाव’ असे सरळ उत्तर देता येते. कर्जाच्या अर्जात हा रकाना आम्ही अजून ठेवलेला नाही. ठेवला तर वसुलीच्या वेळी निदान धक्का तरी बसणार नाही.

शहरात पाऊल टाकता न टाकता एक गुंड अंगावर येतो. त्याचा निकाल लावला की एक व्यापारी भेटतो. त्याच्या भावाला दरोडेखोरांनी पळवलेले असते. ‘आधी पाच माणसे जमव,’ तो म्हणतो. खरा खेळ इथून सुरू.

माणसे मिळतात खेड्यात. दर दहा दिनार, नग एक. आता नवखा खेळाडू काय करतो? लग्नाचे आवतण द्यावे तसा गावोगाव हिंडतो आणि खिसा रिकामा होईपर्यंत पोरे गोळा करतो. चाळीस माणसे मागे चालताना बघून त्याची छाती फुगते. आणि मग येतो आठवडा. अहो, भरती एकदाच होते, पगार दर आठवड्याला असतो! शिवाय चाळीस तोंडे खाणार. नुसता पाव चारला तर कुरकुर, चार प्रकारचे खायला घातले तर मन:स्थिती बरी (हे घरोघरी ठाऊक आहे). पगार थकला की फौजेचे मन उडते आणि माणसे एकेक करून गळू लागतात. त्यातून मोठी टोळी चालते हळू. समोरचे लुटारू ‘येतो हं’ म्हणून पळून जातात आणि आमचे सेनापती मागून वरात घेऊन चाललेले.

शहाण्याने दहाबारांवर थांबावे. लहान टोळी चपळ असते. दगड आणि सुरे घेऊन फिरणारे फाटके लुटारू तिने गाठावेत. उत्तरेच्या किनाऱ्यावरचे समुद्री चाचे मात्र कितीही मालदार दिसले तरी त्यांना लांबूनच नमस्कार. जमेल तिथे कैदी धरावेत. शहरातल्या गुत्त्यात ते विकत घेणारा एक दलाल बसतो. मधल्या वेळात गावच्या म्हाताऱ्या मुखियाची कामे करावीत : धान्याची पोती आणून दे, गुरे आणून दे, दरोडेखोरांशी लढायला गावकऱ्यांना शिकव. गावाचा लोभ जडला की पोरे जास्त मिळतात आणि चांगलीही मिळतात. ठेवी जमवायला गेलेल्या आमच्या मॅनेजरांना हे तंत्र कुणी शिकवायला हवे होते.

लढाई पाहिलेल्या पोराला थोडे पैसे भरून बढती देता येते. स्वादिया राज्यातला कालचा शेतकरी असा पायरीपायरीने चिलखती घोडेस्वार होतो. परीक्षा नाही, मुलाखत नाही, ‘गावाकडे बदली घ्याल का?’ हा प्रश्न नाही. सेनापतीचे नेतृत्व-कौशल्य वाढवायचीही सोय आहे. एक पायरी वाढली की फौजेत पाच माणसे जास्त ठेवता येतात आणि पगाराचा खर्च पाच टक्क्यांनी उतरतो. साहेबाचे नेतृत्व जितके थोर, तितका हाताखालच्यांचा पगार कमी! हे तत्त्व इतक्या निर्मळ मनाने मी दुसरीकडे कुठे मांडलेले पाहिले नाही. आमच्या युनियनच्या कानावर हा खेळ गेलेला नाही, हे बरेच आहे.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गुत्त्यात भेटणाऱ्या नावाच्या माणसांबद्दल. असे सोळा सोबती मिळू शकतात. प्रत्येकाला कहाणी आहे, स्वभाव आहे, आणि अर्थातच एकमेकांशी वैर आहे. लेझालिट शिपायांना फटके मारून शिस्त लावतो, म्हणून बुंडुक त्याच्यावर दात खाऊन असतो. दोघांना एका टोळीत ठेवले की एक ना एक दिवस कुणीतरी ‘मी चाललो’ म्हणत तुमच्यापुढे उभा. दोन हेडक्लार्क एका खात्यात ठेवून पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही. पण हे सोबती मरत नाहीत. भाल्यावर झेला, घोड्याखाली घाला, लढाई संपली की कपडे झाडून हजर. मरतो तो दहा दिनारवाला.

त्यासाठीच मी म्हणतो, पहिल्या पैशातून तलवारबहाद्दर आणू नका, जेरेमस नावाचा वैद्य शोधा. त्याचे शल्यकौशल्य वाढवले की पडलेल्या शिपायांपैकी जास्त जण नुसते जखमी ठरतात, मेलेले ठरत नाहीत. दहाबारा माणसांच्या टोळीत तीन वाचणे म्हणजे काय, हे ज्याने खेळून पाहिले त्यालाच कळेल. पुढे फौज शंभरावर जाते, किल्ले येतात, राजे आर्जवे करतात, आणि खेळ माझ्या मते तिथेच पातळ होतो. तीन मेले काय नि तेरा मेले काय, बेरीज तेवढी बदलते.

याच कंपनीचा पुढचा खेळ ‘बॅनरलॉर्ड’ २०२२ साली पुरा होऊन आला. त्यात नावाची माणसेही म्हातारी होतात, लढाईत मरतातही. न्याय झाला खरा, पण अर्धाच. शिपायाला नाव तेव्हाही नव्हते, आताही नाही. यादीत नुसते ‘स्वादियन रिक्रूट’ आणि पुढे कंसात सात. आमच्या शाखेतही कागदावर ‘शिपाई – २’ एवढेच असते. पण निदान चहाच्या वेळी त्यांना मामा म्हणून हाक मारता येते, आणि कुठली किल्ली कुठे आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसते.

लढाई संपली की पडद्यावर हिशोब येतो : मेले इतके, जखमी इतके. मग त्याच गावात परत जावे. कधी उत्तर मिळते की इथे यायला कुणी तयार नाही. थोडे दिवस इकडेतिकडे हिंडून पुन्हा जावे, तर चार पोरे उभी असतात. भाव तोच, दहा दिनार. यातला कुणी गेल्या खेपेच्या पोरांपैकी कुणाचा भाऊ आहे का, हे मुखियाला विचारायची सोय त्या खेळात नाही.