‘यातून मूल काय शिकते?’ हा रकाना

बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी ‘घरी करून पाहा’ अशा उपक्रमांच्या याद्या आता मुबलक मिळतात. पालकसभेत त्यांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या जातात. २०२०च्या मार्चनंतर अंगणवाड्या बंद पडल्या, तेव्हा तर त्या मोबाइलवरून घरोघर पोचल्या. त्यांतले उपक्रम बहुधा चांगले असतात : कडधान्ये निवडणे, पाणी ओतणे, काय तरंगते ते पाहणे. आमची तक्रार आहे ती शेजारच्या रकान्याबद्दल. ‘यातून मूल काय शिकते?’ असे त्याचे शीर्षक असते आणि खाली ‘रंगज्ञान’, ‘अंकज्ञान’, ‘लेखनपूर्व तयारी’ असे शब्द भरलेले असतात.

हा रकाना वाचून घरात काय घडते ते पाहू. चार वर्षांची मुलगी परातीतले मूग, मटकी आणि राजमा वेगळे करते आहे. यादीत ‘रंगज्ञान’ लिहिले आहे, म्हणून आई विचारते, “हा कोणता रंग?” मग, “किती झाले?” मुलगी मान वर करते, उत्तर देते किंवा देत नाही; हातातले काम मात्र थांबते. तिच्यापुढे त्या वेळी रंगाचा प्रश्न नव्हताच. तुटलेला अर्धा राजमा राजम्यात टाकायचा की वेगळा, यावर ती अडली होती. वर्गीकरणाचा खरा प्रश्न हाच, आणि तो तिचा तिला पडला होता. रकान्यात त्याला जागा नाही.

१९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांच्या साधनांत एक गोष्ट फार मोलाची आहे : चूक झाल्याचे साधनच सांगते. दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला, तर शेवटचा दट्ट्या कुठेच नीट बसत नाही. बाईंनी ‘चुकले’ म्हणावे लागत नाही. छापील कागदावर ठिपके जोडणाऱ्या मुलाला ही सोय नसते. बरोबर की चूक हे कळायला त्याला मोठ्यांच्या तोंडाकडेच पाहावे लागते. उलट डब्याचे झाकण बसत नाही, तांब्यातले पाणी फुलपात्राबाहेर सांडते, हे मुलाला दिसतेच. घरातल्या वस्तूंची खरी किंमत इथे आहे. त्या फुकट मिळतात ही नंतरची गोष्ट.

तरंगण्या-बुडण्याचा उपक्रम घ्या. बहुतेक याद्यांत त्यापुढे ‘हलके तरंगते, जड बुडते’ असे उत्तरच छापलेले असते. ते चुकीचे आहे, आणि स्वयंपाकघरच ते खोडून काढते. सोललेला अख्खा नारळ पाण्यावर डुलतो, मुगाचा एवढासा दाणा तळाशी जातो. स्टीलचा चमचा बुडतो, पण त्याच स्टीलची वाटी अलगद ठेवली तर तरंगते आणि पाणी भरले की बुडते. मूग धुताना किडीने पोखरलेले दाणे वर येतात, हे कोणत्याही आजीला ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाला घनता समजावी अशी आमची अपेक्षा नाही. पण सातवी-आठवीत घनता शिकवताना ‘जड बुडते’ हे आधी पुसावे लागते, आणि ते कोणी लिहून ठेवले होते याचा विचार आपण शिक्षकांनीच करायला हवा.

पाणी ओतण्याच्या उपक्रमात आणखी एक घोटाळा होतो. पसरट वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले की चार-पाच वर्षांची बहुतेक मुले ‘पाणी वाढले’ म्हणतात, हे झाँ पियाजे यांनी दाखवले. याद्या म्हणतात, ‘पाणी तेवढेच आहे हे मुलाला समजावून सांगा.’ सांगितल्याने मूल आपले उत्तर बदलते, समज नव्हे. शिवाय मोठ्यांच्या प्रश्नाचाही परिणाम होतो. १९७०च्या दशकात मॅक्गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. मोठ्या माणसाने मुद्दाम एक ओळ बदलली, तेव्हा पुष्कळ मुले चुकली. ‘खोडकर’ खेळण्यातल्या अस्वलाने ती विस्कटली, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठे माणूस काही बदलून पुन्हा तोच प्रश्न विचारते, तेव्हा उत्तरही बदलायला हवे असे मुलांना वाटत असावे. घरातल्या परीक्षकाला ही गोष्ट कोण सांगणार?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने घेतली. त्या कामाचे कौतुक आपण ‘कमी खर्चातले शिक्षण’ एवढ्यावरच संपवतो. मुलाच्या अंगणातली वस्तू मुलाने आधीच हाताळलेली, ओळखीची असते, हे त्यातले शास्त्र मागेच राहते.

पुढच्या पालकसभेसाठी यादी करताना तो रकाना रिकामा सोडावा. पालकांनी मुलाने काय केले ते त्यात एका ओळीत लिहावे. रंग-अंकांची नोंद नको. त्या जागेत सावधगिरीच्या दोन ओळी मात्र ठळक छापाव्यात, त्या आम्हांला क्वचितच आढळल्या : तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हरभरे-वाटाणे देऊ नयेत, ते नाकात आणि घशात जातात, आणि पाण्याच्या घमेल्याजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. टँकरच्या गावांत ओतण्यासाठी पाण्याऐवजी ज्वारी घ्यावी. ती सांडली तर झाडून पुन्हा भरता येते, आणि झाडायलाही मुलांना आवडते.