सभागृह नसलेलं शहर



निवडणुकीच्या हंगामात राजकारणावर व्याख्यान ठेवायचं म्हणजे संयोजकांची पंचाईत. विषय काय हे नंतर विचारलं जातं, बोलणारा कुठल्या बाजूचा हे आधी. म्हणून तेवढं सांगून टाकतो. आम्ही डावीकडे झुकलेली माणसं. कुठल्या पक्षाची पावती फाडलेली नाही, पण झुकाव लपवत नाही. डोंबिवलीत डावं असणं म्हणजे लांबच्या काकांसारखं आहे. लग्नाला आवर्जून बोलावतात, इस्टेटीचा विषय निघाला की कुणी विचारत नाही.

येत्या गुरुवारी, 15 जानेवारीला, मतदान आहे. ठाण्यात 131 जागा, कल्याण-डोंबिवलीत 122. गेला महिनाभर आम्ही भाषणं ऐकली, पत्रकं वाचली आणि सगळ्यात मन लावून वाचले ते बॅनर. थट्टा करत नाही आहोत. या दोन शहरांचं खरं राजकीय वाङ्मय बॅनरवर आहे, आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही. साहित्य संमेलन आपण 2017 ला इथे भरवलं, त्यातही झाली नाही.

आता बॅनरची भाषा बघा. ‘अमुक यांच्या अथक प्रयत्नांतून रस्ता मंजूर’. ‘तमुक यांच्या पाठपुराव्याला यश’. ‘यांच्या माध्यमातून’, ‘यांच्या निधीतून’, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘निधी आणला’. आणला म्हणजे कुठून आणला? माहेरून आणला का? मालमत्ता कर आपण भरतो, पाणीपट्टी आपण भरतो, साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्यावरचा कर आपण भरतो. पण या वाक्यांमध्ये आपण कुठेच नाही. एक देणारा आहे आणि त्याचा हात जोडलेला फोटो आहे. गटाराचं झाकण बसवणं हे महापालिकेचं नेमून दिलेलं काम, त्यावरही ‘सौजन्य’ असल्यासारखा मजकूर असतो. ही भाषा एका दिवसात आलेली नाही. ती का चालते, त्याचं कारण आमच्या मते गेल्या पाच वर्षांत सापडतं.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची याआधीची निवडणूक 2015 च्या नोव्हेंबरात झाली. मुदत नोव्हेंबर 2020 ला संपली. ठाण्याची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची, मुदत मार्च 2022 ला संपली. तेव्हापासून दोन्हीकडे प्रशासक. राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. कारणं पुष्कळ दिली गेली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग तीनचे की चारचे यावरची कायद्यांची उलटापालट. त्यातली काही खरी होती. ओबीसींच्या जागांचा प्रश्न तर गंभीरच होता. पण शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं, आणि त्यानंतरही मुदतवाढ घेऊन आपण आज जानेवारी 2026 मध्ये आलो. यात एकट्या आजच्या सरकारचं नाव घेऊन मोकळं होता येणार नाही. कल्याण-डोंबिवलीची मुदत संपली तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं. महापालिकेचं तिजोरीघर मंत्रालयातून चालवायला मिळालं तर ते कुणालाच नको नसतं.

आता आमचीच झडती. या पाच वर्षांत आम्हाला काय चुकल्यासारखं वाटलं? खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं काहीच नाही. आमच्या सोसायटीत लोक उघड म्हणायचे, ‘बरं झालं, नगरसेवक नाहीत, खाणारी तोंडं कमी झाली.’ आम्ही मान डोलवायचो. महासभा काही साधुसंतांची सभा नव्हती. कल्याणला महापालिकेच्या मुख्यालयाला लागूनच अत्रे रंगमंदिर आहे, आणि कुठल्या इमारतीत जास्त करमणूक होते यावर आम्ही विनोद करायचो.

तो विनोद अंगाशी आला ऑगस्ट 2023 मध्ये. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. रुग्णालय ठाणे महापालिकेचं. मुख्यमंत्री ठाण्याचे, त्यांची राजकीय वाटचाल याच महापालिकेत नगरसेवक म्हणून सुरू झालेली. बातम्या आल्या, नेते आले, चौकशी समिती नेमली गेली. पण एक जागा त्या आठवड्यात रिकामी होती, ती म्हणजे महापालिकेचं सभागृह. महासभा असती तर ते मृत्यू टळले असते असं आम्ही म्हणत नाही. असं बोलणं त्या घरांवर अन्याय करणारं होईल. पण डॉक्टर किती, खाटा किती, मुरबाड-शहापूरपासून येणारे रुग्ण किती, हे कुणीतरी उभं राहून विचारलं असतं. अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागलं असतं आणि ते इतिवृत्तात नोंदलं गेलं असतं. वाईटात वाईट नगरसेवकसुद्धा कधी शेजारच्या नगरसेवकावर चिडून, कधी टक्केवारीत वाटा मिळाला नाही म्हणून प्रश्न विचारतो. प्रशासकाच्या कारभारात प्रश्न विचारायला जागाच नसते. अंदाजपत्रक तोच मांडतो आणि तोच मंजूर करतो.

मग लोकांनी काय केलं? जे पूर्वीपासून करत आले तेच. माणूस शोधला.

ठाण्यात याची परंपरा जुनी आहे. टेंभी नाक्यावर आनंद दिघ्यांकडे रात्री-अपरात्री लोक गाऱ्हाणी घेऊन जायचे. 2001 ला ते गेले. 2022 च्या मे महिन्यात त्यांच्यावर चित्रपट आला आणि जूनमध्ये शिवसेना फुटली, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांच्याच नावाने शपथा घेतल्या. आमच्यासारखी माणसं त्या दरबाराकडे नाक मुरडून बघायची, आणि आता वाटतं की आमचं चुकलं. लोक तिथे जायचे कारण सरकारी कचेरीत त्यांना कुणी बसा म्हणत नव्हतं. इस्पितळात खाट, पोरीचा संसार, मुलाची नोकरी, या गरजा काही खोट्या नव्हत्या. तिथे न्याय मिळाल्याचा अनुभव सांगणारी माणसं आजही भेटतात. पण दरबाराची एक अट असते. तिथे गेलेल्याला काम झालं की पाया पडावं लागतं आणि नाही झालं तर गप्प बसावं लागतं. तिथल्या निर्णयावर अपील नसतं. आज दरबाराची जागा संपर्क कार्यालयानं घेतली आहे आणि पाया पडण्याची जागा आभाराच्या बॅनरनं.

इथे ‘लाडकी बहीण’चा विषय काढावाच लागेल. आमच्या वर्तुळात 1500 रुपयांची टिंगल फार होते. ‘मतं विकत घेतली’ म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. घरकाम करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा पैसे येतात, त्यासाठी तिला कुणा साहेबाची चिठ्ठी लागत नाही. या एका बाबतीत ती योजना दरबारापेक्षा चांगली आहे. आमची तक्रार तिच्या नावाबद्दल आहे. निराधार पेन्शनला आपण ‘लाडका म्हातारा’ म्हटलं नाही, रोजगार हमीला ‘लाडका मजूर’ म्हटलं नाही. लाडकी म्हटलं की लाड करणारा आला, आणि लाड बंद करायचा अधिकारही त्याच्याचकडे आला. रक्कम वाढवून 2100 करू असं 2024 च्या विधानसभेला सांगितलं होतं. हक्क असता तर बाया त्याचा जाब विचारायला मोर्चा घेऊन गेल्या असत्या. लाडाचा जाब कसा विचारणार?

घोषणांचंही तसंच. 2015 च्या निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरात, कल्याण-डोंबिवलीसाठी 6,500 कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. इथल्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, रिक्षावालेसुद्धा तो आकडा सांगायचे. या महिन्यात ऐकलेल्या एकाही भाषणात आम्हाला तो ऐकू आला नाही. मधल्या काळात पत्री पूल पाडून नवा व्हायला नोव्हेंबर 2018 ते जानेवारी 2021 इतका वेळ गेला. पलावाचा पूल गेल्या 4 जुलैला उघडला आणि दुचाक्या घसरायला लागल्या म्हणून काही तासांत बंद करावा लागला.

आणि एमआयडीसी. 26 मे 2016 ला प्रोबेसचा स्फोट झाला, 12 माणसं गेली. 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघून गेले. 20 मे 2024 ला आपण लोकसभेचं मतदान केलं. कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्म्या लोकांनी केलं. तिसऱ्या दिवशी, 23 मेला, अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. काचा डोंबिवलीभर फुटल्या. धोकादायक कारखाने हलवू, अशी घोषणा पुन्हा झाली. आम्हाला आजही त्या तीन दिवसांचा विचार आला की कसंतरी होतं. प्रचाराच्या सगळ्या महिन्यात बाळासाहेबांचा खरा वारसदार कोण यावर जितकं बोलणं झालं, त्याच्या शंभराव्या हिश्शानं तरी बॉयलरवर आणि रिअॅक्टरवर झालं होतं का? स्फोटात गेलेल्यांमध्ये कंत्राटी कामगार होते. त्यांच्या बाजूनं बोलणारी युनियन आज एमआयडीसीच्या किती गेटवर आहे?

हे आमच्याकडे बोट आहे, कळतंय. याच ठाणे मतदारसंघातून 1957 साली शामराव परुळेकर लोकसभेत गेले होते. आज जुन्या ठाणे जिल्ह्यातला लाल झेंड्याचा आमदार आहे तो डहाणूत, आणि डहाणू आता पालघर जिल्ह्यात. मोहन्याची एनआरसी 2009 पासून बंद आहे, कामगार देणी मागता मागता म्हातारे झाले. वागळे इस्टेटीतले भोंगे गेले, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. कारखाने गेल्यावर कामगाराचा भाडेकरू झाला, मग फ्लॅटधारक झाला, आणि आम्ही त्याच्याशी काय बोलायचं हे विसरलो. त्याला पाणी हवं होतं, आम्ही त्याला भूमिका देत होतो. पाण्याचा टँकर दुसऱ्याच कुणीतरी पाठवला.

आता बिनविरोधाबद्दल, ज्यासाठी खरं तर उभे राहिलो. 2 जानेवारीला अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि कल्याण-डोंबिवलीत वीसच्या घरात जागा बिनविरोध झाल्या. सगळ्या सत्ताधारी युतीच्या. राज्यभरात हा आकडा साठच्या वर. विरोधक म्हणतात पैसा आणि दडपण, सत्ताधारी म्हणतात लोकप्रियता. राज्य निवडणूक आयोगानं अहवाल मागवले आहेत. कोण खरं, हे आम्ही इथून ठरवणार नाही. पण ज्यांनी अर्ज मागे घेतले त्यांना आधी त्यांच्याच पक्षांनी ‘शहर वाचवायला’ उभं केलं होतं, एवढं लक्षात ठेवू.

आम्हाला त्या प्रभागातला मतदार दिसतो. दहा वर्षं थांबला. त्यातली पाच वर्षं सभागृहाशिवाय काढली. आणि आता त्याच्या हातात बटणच कमी. 2015 ला एका प्रभागाला एक नगरसेवक होता, आता चारचं पॅनल आहे. त्यातली एक जागा बिनविरोध असेल तर तीनच मतं द्यायची, दोन असतील तर दोनच. ‘नोटा’चा उपाय त्याला नाही. याच महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगानं 2018 मध्ये ठरवलं की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. चांगला नियम आहे, पण नोटाचं बटण मतदान झालं तरच. सुरतेत 2024 ला लोकसभेची आख्खी जागा अशीच मतदानाशिवाय गेली. आपल्याकडे उमराणे आणि खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं, तेव्हा 2021 मध्ये आयोगानं तिथल्या निवडणुका रद्द केल्या होत्या. म्हणजे हात घालायची ताकद आयोगात आहे.

कुणी म्हणेल, मत दिलं तरी काय होतं? अंबरनाथ बघा. डिसेंबरात निवडणूक झाली आणि शिंदेंच्या शिवसेनेला दूर ठेवायला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आले. काँग्रेसनं आपल्या 12 जणांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्येच गेले. हाताला दिलेलं मत पंधरवड्यात कमळाला पोचलं. याला आमच्याकडे झटपट उत्तर नाही. इतकंच दिसतं की मत देऊन गप्प बसलेला मतदार आणि बिनविरोध प्रभागातला मतदार यांच्यात दुसऱ्या दिवशी फारसा फरक उरत नाही.

म्हणून 16 तारखेनंतरचं एक काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतलंय. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो. पाच वर्षांत प्रशासकांनी कुठले ठराव केले आणि कुठल्या कामाला किती दिले, याची यादी माहिती अधिकारात मागायची आणि पहिल्या महासभेच्या आधी 122 च्या 122 नगरसेवकांच्या घरी नेऊन द्यायची. बिनविरोध आलेल्यांच्या घरी आधी. यादीच्या शेवटी एमआयडीसीचा प्रश्न आहे. ती जमीन आमच्या हद्दीच्या अधिकारात नाही असं उत्तर येणार, हे ठाऊक आहे. ते उत्तरसुद्धा इतिवृत्तात यायला हवं. आठ माणसं आहोत, पॅनल 31 आहेत. चालणारी माणसं हवी आहेत, गुडघे चांगले असलेली.

वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्नांना वीस मिनिटं आहेत. माईक मागच्या रांगेपासून सुरू करू या, पुढचे लोक आम्हाला रोज भेटतात.