बरें, ठीक आणि 'वाचनीय'

कळमेश्वरच्या बाजूस संत्र्याची बाग विकली जाते ती पुष्कळदां झाडावरच. व्यापारी येतो, ओळींतून फिरतो, फांदी वर करून आंतलें फळ पाहतो, एखादें सोलून तोंडांत टाकतो आणि एक आंकडा बोलतो. चुरी किती निघेल, आंबिया बहाराचें फळ तोडणीपर्यंत किती गळेल, हें सारें त्या एका आंकड्यांत आलेलें असतें. 'परीक्षण' किंवा 'मूल्यमापन' हे शब्द त्याच्या तोंडीं आम्हीं कधीं ऐकले नाहींत. 'बाग पाहिली' एवढेंच तो म्हणतो. गंमत अशी कीं, आमच्या जडजंबाल शब्दांचा मूळ अर्थहि तोच आहे. परीक्षा आणि समीक्षा या दोहोंत 'ईक्ष्' म्हणजे पाहणें हाच धातु. समालोचनांतल्या 'लोच्'चा अर्थहि पाहणेंच. आणि 'पारख' ही तर 'परीक्षे'चीच प्राकृताच्या वाटेनें घरीं आलेली लेक. भेद इतकाच कीं, व्यापाऱ्याचें पाहणें चुकलें तर त्याचा इसार बुडतो. आमचें चुकलें तर आमचें कांहींच बुडत नाहीं.

'टीका' या शब्दाचें काय झालें तें पाहण्याजोगें आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, ज्ञानदेवांनीं गीतेवर टीका केली, असें आपण सहज म्हणतों आणि त्यांत गीतेची निंदा झाली असें कोणासहि वाटत नाहीं. परंतु आज एखाद्या गृहस्थास 'तुमच्यावर टीका आली आहे' असें सांगून पाहावें. त्याचा चेहरा लगेच उतरतो. ज्याने ग्रंथाचा अर्थ उलगडावयाचा तो टीकाकार ग्रंथकाराचा प्रतिपक्षी होऊन बसला. उलट 'बरवा' म्हणजे सुंदर. संतांनीं तो शब्द देवाच्या रूपासाठीं वापरला. आज आपण 'बरा' म्हणतों तें दुखणें उतरलेल्या माणसास, नाहीं तर नापास होतां होतां वांचलेल्या विद्यार्थ्यास. 'नांव काढणें' ही स्तुति, 'नांवें ठेवणें' ही निंदा, आणि बारशाला 'नांव ठेवणें' हा आनंद! परक्या माणसास मराठी शिकवितांना येथें मोठी तारांबळ उडते. असो.

शब्दाचा अर्थ सरकला म्हणून आमचें भांडण नाहीं. भाषेंत तें चालावयाचेंच. आमचें भांडण आहे तें ज्या शब्दामागें माप उरलेलें नाहीं त्याच्याशीं. 'कसोटी' आणि 'निकष' या दोहोंत घासणें आहे. सोनार काळ्या दगडावर दागिना घासतो खरा, पण तेवढ्यानें कस कळत नाहीं. शेजारीं ज्याचा कस माहीत आहे अशा सोन्याची रेघ ओढावी लागते. ही दुसरी रेघ आमच्या पुस्तकपरीक्षणांत बहुधा नसते.

माप असलेल्या शब्दाचें वजन काय असतें, तें आमच्या तालुक्यांतील कोणत्याहि शेतकऱ्यास विचारावें. पिकाची 'आणेवारी' पूर्वीं सोळा आण्यांनीं सांगत. १९५७ च्या एप्रिलांत दशमान नाणीं आलीं आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली, तरी जुन्या माणसांच्या तोंडून आणेवारी गेलेली नाहीं. आधीं नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, अशा तिच्या पायऱ्या. (हिंदींत 'नजरअंदाज करणें' म्हणजे दुर्लक्ष करणें! नागपुराकडे दोन्ही भाषा कानांवर पडत असल्यानें या शब्दावर कडवट विनोद होतात.) शेवटीं निवडक शेतांतून आंखलेल्या तुकड्यांतलें पीक कापून तोलतात आणि प्रमाण उत्पन्नाशीं ताडून पाहतात. येणारा आंकडा पन्नासाच्या खालीं गेला तर शेतसाऱ्यांत सूट, मुलांच्या परीक्षाशुल्काची माफी, अशा सवलतींचें दार उघडतें. वर राहिला तर तें बंद. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळसंहितेपासून पाऊस, भूजल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ यांच्याहि कसोट्या आल्या. या पद्धतींत दोष आहेत, आणि कांहीं मोठे आहेत. एका तुकड्यावरून अवघ्या गांवाचें पीक ठरतें ही तक्रार जुनी आणि खरी. पण तक्रार करतां येते ती कां? आंकडा कशाशीं ताडला तें ठाऊक असतें म्हणून. 'पीक समाधानकारक आहे' एवढेंच कोणी लिहून दिलें असतें तर भांडावयाचें कोणाशीं?

आम्हीं मात्र असेंच लिहून दिलेलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं जवळच्या एका गांवांतील तरुण शिक्षकानें आपला पहिला कवितासंग्रह आमच्याकडे पाठविला. कविता कच्च्या होत्या. दोन-तीन ठिकाणीं मात्र कोरडवाहू रानाचा वास खरोखर येत होता. आम्हीं लिहिलें, 'संग्रह वाचनीय असून रसिक त्याचें स्वागत करतील.' दोष दाखवावा तर पोरगें हिरमुसेल, आणि गुण दाखवावा तर पुन्हां वाचून जागा शोधावी लागेल. त्या एका विशेषणानें दोन्ही श्रम वांचले. तो भेटावयास आला तेव्हां त्यानें नम्रपणें विचारलें, "सर, वाचनीय म्हणजे चांगला, कीं नुसता वाचतां येण्याजोगा?" आम्ही हंसून चहा मागविला. त्यानें तें वाक्य दुसऱ्या संग्रहाच्या वेष्टनावर छापलें. तो संग्रह त्यानें पतसंस्थेचें कर्ज काढून स्वतः काढला, हें आम्हांस मागाहून दुसऱ्याकडून कळलें. गठ्ठे अजून त्याच्या घरीं माळ्यावर आहेत.

तिसऱ्या संग्रहाचें हस्तलिखित त्यानें या दिवाळींत आणून दिलें. आम्हीं तें दोनदां वाचलें. शेजारीं त्याच्याच पहिल्या संग्रहांतील त्या रानाच्या कविता उघड्या ठेवल्या होत्या; दुसरी रेघ म्हणून. अठ्ठेचाळीस कवितांपैकीं सात त्यांच्या तोडीच्या निघाल्या. त्या सातांचीं पानें नोंदून, उरलेल्यांत ऐकीव शब्द कोठें कोठें आला आहे त्या ओळींखालीं पेन्सिलीनें खुणा करून, आणि यंदां छापूं नये असें स्पष्ट लिहून, आम्हीं तें परत पाठविलें आहे. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.