पडद्यावरची कात्री

कळफलकाच्या वरच्या ओळीत उजवीकडे एक कळ असते, ‘प्रिंट स्क्रीन’. डॉसच्या काळात ती नावाला जागायची. दाबली की पडद्यावरचा मजकूर सरळ प्रिंटरवर छापून यायचा. विंडोज आले आणि कळ दाबूनही काहीच घडत नाही असे वाटू लागले. चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर जाऊन बसायचे, आणि मग पेंटब्रश उघडून ते चिकटवावे लागायचे. एवढ्याशा गैरसोयीवर एक अख्खा धंदा उभा राहिला. मिशिगनमधल्या टेकस्मिथ कंपनीने १९९० साली ‘स्नॅगइट’ काढले, ते आजही विकले जाते.

पुढे २००७ साली व्हिस्टाबरोबर ‘स्निपिंग टूल’ आले. आता विंडोज, शिफ्ट आणि एस दाबले की कात्री हातात येते. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४. दोन्ही फुकट. मग पदरचे पैसे खर्चून दुसरे सॉफ्टवेअर का घ्यावे, असे मी परिचयातल्या मंडळींना विचारले. उत्तरे मोठी मासलेवाईक आली.

एक मैत्रीण हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना नवी संगणक प्रणाली शिकवते. स्नॅगइटवाचून तिचे पान हलत नाही. लांबलचक पान खालपर्यंत सरकवत एकाच चित्रात घेता येते, आणि चित्रावर १, २, ३ असे आकडे एकेका क्लिकसरशी पडतात. तिच्या दृष्टीने पैसे वसूल. तक्रार एवढीच, की पूर्वी एकदा पैसे मोजले की वस्तू आपली होत असे, आता दरवर्षी वर्गणी. एक स्नेही टेस्टिंगमध्ये आहेत, ते ‘शेअरएक्स’चे भक्त. फुकट, उघड्या कोडचे, आणि चित्र काढल्यावर त्याचे पुढे काय करायचे याची साखळी हवी तशी बांधता येते. सेटिंग्ज मात्र इतकी, की पहिल्या दिवशी वाट चुकलीच म्हणून समजा. ‘ग्रीनशॉट’वाल्यांचे म्हणणे साधे: चित्र काढले की तो विचारतो, कुठे ठेवू? फाइलीत, क्लिपबोर्डवर, प्रिंटरवर की ईमेलमध्ये? मला हा प्रश्न फार सुसंस्कृत वाटतो.

ही सगळी मते खरी आहेत, पण ती वेगाबद्दल, बाणांबद्दल आणि आकड्यांबद्दल आहेत. किती झटकन काढता येते, किती सुबक दिसते. मला मात्र दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. चित्रात नेमके काय आले? आणि ते गेले कुठे?

पहिल्या प्रश्नाला दोन टोके आहेत. ऑफिसात रोज येणारा अनुभव म्हणजे ‘चालत नाही’ एवढे लिहून पाठवलेले, फक्त चुकीच्या संदेशाची चौकट कापलेले चित्र. कोणते पान, किती वाजता, कोणती आवृत्ती, सगळे कात्रीबाहेर. याउलट सांगलीहून मावशी बँकेच्या पानाचा फोटो फोनने काढून पाठवते. तिरका, पट्ट्यापट्ट्यांचा, कोपऱ्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब. पण त्यात पडद्यावरचे सगळे असते, आणि अडचण कुठे आहे ते मला फोन ठेवायच्या आत कळते. सुबक चित्राने जे लपवले ते मावशीच्या फोटोने दाखवले. (खाते क्रमांकही दाखवला, हे आलेच.)

दुसरे टोक आपल्यासारख्यांना अधिक जवळचे. आपली निम्मी कागदपत्रे आता पडद्यावरच असतात. व्हिसाच्या अर्जाची स्थिती, डब्ल्यू-२, मुलांच्या शाळेचे अर्ज. वकिलाला किंवा भावाला त्यांचे चित्र पाठवताना आपण सोशल सिक्युरिटीचा आकडा धूसर करतो आणि निर्धास्त होतो. ठरावीक टाइपातल्या आकड्यांवर चौकोनी ठिपके टाकले, तर ते मागे वाचता येऊ शकतात. दहाच अंकांवर तीच क्रिया करून पाहायची आणि जुळणारा अंक निवडायचा, इतके ते सरळ आहे. ग्रीनशॉटमध्ये ठिपक्यांचे आणि धूसर करण्याचे बटण हाताशी असते, म्हणून लोक तेच वापरतात. ठार काळा, भरीव चौकोन काढावा आणि चित्र सपाट करून पाठवावे.

कापण्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. मार्च २०२३ मध्ये उघडकीस आले, की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये चित्र कापून त्याच नावाच्या फाइलीवर पुन्हा साठवले, तर जुन्या फाइलीचा उरलेला भाग तसाच मागे राहत असे आणि कापलेले चित्र बरेचसे परत मिळवता येई. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही तोच दोष निघाला. दोन्ही कंपन्यांनी तो दुरुस्त केला, पण त्याआधी वाटलेली चित्रे कोण दुरुस्त करणार? अठरा-वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यालाही शिकवलेली गोष्ट आहे ही: जुन्या फाइलीवर लहान फाइल लिहायची तर शेपूट आधी कापा.

आता दुसरा प्रश्न. ‘लाइटशॉट’ची स्तुती अनेकांनी केली. हलके आहे, एका बटणात चित्र इंटरनेटवर चढते आणि लहानसा पत्ता मिळतो. पण बरीच वर्षे पत्ता इतका लहान असे, की त्यातले एखादे अक्षर बदलले तर दुसऱ्या कोणाचे तरी चित्र समोर येई. अनोळखी लोकांची बिले आणि पत्रव्यवहार असे पाहत बसणारे लोक होते. सोय म्हणून विकलेली ही गोष्ट मला दोषच वाटते, आणि मंडळाच्या हिशेबाला तर ते मुळीच वापरू नये. घरच्या घरीही बघून ठेवा: विंडोज ११ काढलेले चित्र आपणहून ‘पिक्चर्स’मध्ये साठवते, आणि ते फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असेल तर चित्र तुम्ही न पाठवताच घराबाहेर पडते. स्नॅगइटचे संग्रहालयही सगळे जपून ठेवते. वर्षापूर्वीची पगाराची पावती तिथे सापडली तर नवल नाही.

याच वाटेवर मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ जाहीर केले. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र आपोआप घेऊन शोधण्यासाठी ठेवणारे. टीका इतकी झाली की ते लांबणीवर पडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये आले तेव्हा मालकाने मुद्दाम चालू केल्याशिवाय ते चालत नाही अशी व्यवस्था होती. त्यात कात्री तुमच्या हातात नसतेच.

माझ्याकडे घरी काय आहे, असे बऱ्याच जणांनी विचारले. रोजच्या कामाला संगणकाबरोबर आलेले स्निपिंग टूल. त्यातले आपोआप साठवणे बंद केलेले आहे.