हौशी वापरकर्ता आणि ‘सेवा’ : गूगलच्या नव्या सेवांना मिळालेल्या प्रतिसादाची चिकित्सा

एखाद्या नव्या ग्रंथाचे स्वागत कसे झाले, हा साहित्याच्या अभ्यासातील मान्य विषय आहे. एखाद्या नव्या संगणकीय सेवेचे स्वागत कसे झाले, हा प्रश्न मात्र बहुधा तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे सोपविला जातो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गूगल या शोधयंत्र चालविणाऱ्या कंपनीने महाजालावर एकामागून एक नव्या सेवा आणल्या. त्यांविषयी लिहिणाऱ्यांत त्या केवळ हौसेने वापरून पाहणाऱ्यांचा एक वर्ग होता. या हौशी प्रतिसादाला समीक्षा म्हणता येईल काय, आणि म्हणता आल्यास तिची मर्यादा कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीत ‘हौशी’ हा शब्द हीनत्वदर्शक नाही. हौशी रंगभूमीने व्यावसायिक रंगभूमीला नट दिले, नाटककार दिले आणि जाणता प्रेक्षकही दिला. हौशी माणसाजवळ अधिकारपद नसते. परंतु ज्या गोष्टीविषयी तो बोलतो तिच्याशी त्याचा नित्याचा संबंध असतो. नव्या सेवेविषयीचे त्याचे मत जाहिरातीवरून बनत नाही, तर ते वापरातून बनते. या अर्थाने त्याचा प्रतिसाद आस्वादक समीक्षेच्या जवळ जातो.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेलची घोषणा झाली, तेव्हा ती थट्टा असावी असे अनेकांना वाटले. प्रचलित विनामूल्य टपालसेवा दोन-चार मेगाबाइट इतकीच जागा देत असताना ही सेवा एक गिगाबाइट देऊ करीत होती. परंतु हौशी वापरकर्त्याचे कुतूहल या आकड्यापाशी थांबले नाही. पत्र आणि त्याची उत्तरे एका संवादाच्या रूपात एकत्र दिसतात, कप्प्यांऐवजी खुणेच्या चिठ्ठ्या लावता येतात, आणि पत्र काढून टाकण्याची सोय सुरुवातीच्या मांडणीत मेन्यूत दडवलेली आहे, हे त्याच्या लक्षात आले. या तपशिलांतून एक दृष्टी व्यक्त होत होती : काहीही टाकू नका, नीट लावूही नका, हवे तेव्हा शोधा. रचनेच्या बारकाव्यांतून रचनाकाराची जीवनदृष्टी ओळखणे हे समीक्षेचेच कार्य होय.

ही समीक्षा केवळ स्तुतिपर नव्हती, हे वेव्हच्या उदाहरणावरून दिसते. मे २००९ मध्ये जाहीर झालेल्या या सेवेत टपाल, संभाषण आणि सामाईक दस्तऐवज यांचा मिलाफ होता. लिहिणाऱ्याचे प्रत्येक अक्षर समोरच्यास उमटतानाच दिसे. तंत्रदृष्ट्या ही करामत विलक्षण होती. परंतु वापरणाऱ्यास तिच्यातील अडचण लगेच जाणवे. लेखनात कच्चा खर्डा आणि पाठविलेला मजकूर यांमध्ये एक पडदा असतो. त्या पडद्याआड माणूस चुकतो, खोडतो, शब्द बदलतो. वेव्हने तो पडदा काढला आणि लेखकाचा एकांतही गेला. ऑगस्ट २०१० मध्ये पुरेसे वापरकर्ते न लाभल्याचे सांगून कंपनीने या सेवेचा स्वतंत्र विकास थांबविला. अपयशाची कारणे एकाहून अधिक असतील. तथापि लेखनव्यवहाराच्या स्वरूपाविषयीचा हा आक्षेप तांत्रिक परीक्षणापेक्षा अधिक मूलगामी आहे.

येथपर्यंत हौशी प्रतिसादाचे सामर्थ्य दिसते. त्याची मर्यादा ‘बीटा’ या एका शब्दात पाहता येते. बीटा म्हणजे चाचणीच्या अवस्थेतील आवृत्ती. जीमेलच्या नावापुढील हे बिरुद जुलै २००९ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ कायम होते. आरंभी प्रवेशही निमंत्रणानेच मिळे. ‘हे अपूर्ण आहे’ असे म्हटल्याने वापरकर्त्याची भूमिका बदलते. तो दोष दाखवितो, सूचना करतो आणि स्वतःला सहनिर्माता समजू लागतो. दोष आढळला तरी त्याचे क्षमापन आधीच झालेले असते. ज्या कृतीच्या निर्मितीत आपण सहभागी आहोत असे वाटते, तिच्याविषयी तटस्थ राहणे कठीण जाते.

परिणामी सोयीची चिकित्सा सूक्ष्म झाली, व्यवहाराची मात्र तितकी झाली नाही. जीमेलमधील पत्रांचा मजकूर यंत्राद्वारे वाचून त्यानुसार जाहिराती दाखविल्या जात. गोपनीयता व नागरी स्वातंत्र्य यांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी २००४ मध्येच यास हरकत घेतली होती. जाहिरातींसाठीचे हे वाचन थांबविण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली. मधल्या काळात ‘जागा किती’ या प्रश्नाइतका ‘मोबदला कोणता’ हा प्रश्न हौशी चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही.

या मर्यादेची किंमत रीडरच्या वेळी कळली. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेली ही सेवा निरनिराळ्या संकेतस्थळांवरील नवे लेखन वाचकासमोर एकत्र आणीत असे. पुढे आवडलेला मजकूर स्नेह्यांना दाखविण्याची आणि त्यावर बोलण्याची सोय तिच्यात आली, आणि वाचकांची छोटी मंडळे तयार झाली. २०११ च्या ऑक्टोबरअखेर ती सोय काढून घेऊन वापरकर्त्यांना गूगल प्लसकडे वळविण्यात आले. मार्च २०१३ मध्ये वापर घटल्याचे कारण देऊन रीडर बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या, तरी १ जुलै २०१३ रोजी ती सेवा संपली. ज्यासाठी तिचे अंग छाटले गेले, ते गूगल प्लसही सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. न्यायाची बाजू अशी की, कंपनीने तीन महिन्यांहून अधिक मुदत दिली आणि आपली माहिती उतरवून घेण्याची व्यवस्थाही ठेवली. वाचनाची यादी सोबत नेता आली. यादीभोवती जमलेली मंडळी मात्र कोणत्याही फाइलमध्ये मावणारी नव्हती.

त्या वेळच्या शोकात आणि संतापात एक गोंधळ होता. हक्क गेला म्हणावे, तर तो कधी मिळालेलाच नव्हता. भेट परत घेतली म्हणावे, तर तिचा मोबदला वाचनाच्या सवयींच्या रूपाने दिला गेला होता. या गोंधळाचे मूळ ‘सेवा’ या शब्दात आहे. मराठी परंपरेत सेवा ही सेवकाने सेव्याची करावयाची असते. ज्याची सेवा होते तो स्वामी. ‘सेवा’ हा शब्द येताच वापरकर्त्याने स्वतःस सेव्य मानले, तर नवल नाही. प्रत्यक्षात ‘सर्व्हर’ म्हणविणाऱ्या यंत्राकडेच सर्व संचय होता आणि सेवा कधी थांबवावी, हे ठरविण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याकडे होता. सेव्य आणि सेवक यांचे स्थान बदलले, परंतु शब्द बदलला नाही.

म्हणून हौशी वापरकर्त्याच्या लेखनाला समीक्षा म्हणणे योग्य आहे. मात्र ती संहितेची समीक्षा होती, संहिता ज्याच्या ताब्यात आहे त्या सत्तेची नव्हती. जीमेलचा संवाद, वेव्हचा हरवलेला खर्डा, रीडरची वाचकमंडळे यांविषयीची तिची निरीक्षणे आजही अभ्यासकास उपयोगी पडतील, कारण बंद झालेली सेवा ग्रंथालयात जाऊन पुन्हा वाचता येत नाही. ग्रंथ प्रकाशकाने छापणे थांबविले तरी वाचकाच्या कपाटात उरतो. येथे मूळ कृती नाहीशी होते आणि तिच्यावरील टीका तेवढी उरते. ती टीका हौशी माणसाने लिहून ठेवली, हे त्याचे श्रेय. आणि कृतीच्या स्वामित्वाचा प्रश्न तिने उशिरा विचारला, हा तिच्यातून घ्यावयाचा धडा.