नऊ प्रश्न आणि एक ‘करमत नाही’

नालासोपाऱ्याहून पश्चिमेला निघालं की निर्मळ ओलांडून कळंब येतं. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंबईकरांची झुंबड असते. सोमवारी मात्र सुरूच्या झाडांना दोऱ्या बांधून रिसॉर्टच्या चादरी वाळत पडलेल्या असतात, आणि त्या धुणारी पोरं आठवड्यात पहिल्यांदा निवांत बसलेली दिसतात. अशाच एका सोमवारी समाजकार्य शिकणाऱ्या मैत्रिणीबरोबर मी तिथं गेलो होतो. तिला स्थलांतरित कामगारांच्या मानसिक आरोग्याचा सर्व्हे करायचा होता. मला काहीच काम नव्हतं, म्हणून मी तिचा फॉर्म वाचत बसलो. एखादी कथा वाचावी तसा.

फॉर्म होता पीएचक्यू-9. नैराश्य मोजायला जगभर वापरतात तो. 2001 साली अमेरिकेत त्याची पडताळणी प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. दहाच्या वर गेलात की तुमच्याकडे लक्ष द्यायला हवं. तो दवाखान्यासाठी बनवलाय, आणि तिथं तो उत्तम काम करतो. डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाला ‘मला उदास वाटतं’ म्हणायची लाज वाटते, तेव्हा हा कागद ते त्याच्या वतीनं म्हणतो. आकडा असला की मदत मागता येते, हेही खरं.

पण साहित्याचा विद्यार्थी एक प्रश्न विचारणारच. या मजकुरातलं पात्र कोण आहे?

ते एका घरात राहतं. त्याला रात्री झोपायची सवय आहे. गेले दोन आठवडे त्याला आधीच्या आठवड्यांपेक्षा वेगळे आठवतात. समोर बसलेला परभणीकडचा बावीस वर्षांचा मुलगा यातलं काहीच नव्हता. कामात रस वाटत नाही, असं किती दिवस झालं, या प्रश्नावर तो हसला. “कामात कसला रस, मॅडम?” झोप? शनिवारी पार्टी रात्री दोनपर्यंत, पहाटे पाचला नाश्त्याची तयारी. थकवा? भूक? तीन, तीन, दोन. तीनच प्रश्नांत आठ गुण, आणि अजून त्याच्या मनाला कुणी हातही लावला नव्हता. फॉर्मनं रिसॉर्टची ड्यूटी मोजली आणि तिला आजार म्हटलं.

शेवटी एक बिनगुणांचा प्रश्न असतो. या त्रासामुळे कामं करणं, घरचं बघणं किती अवघड झालं? त्यानं विचारलं, “कुठल्या घरचं?”

मग तो आपणहून म्हणाला, “तसं काय नाही हो. फक्त करमत नाही.” शेजारी कांदा चिरणारा उत्तर प्रदेशचा आचारी मान न वर करता म्हणाला, “हां, मन नहीं लगता.” नऊ प्रश्नांत ‘करमत नाही’ कुठंच नाही. उदासी आहे, निराशा आहे. पण करमत नसणं म्हणजे उदासी नव्हे. त्यात एक जागा असते, तिथली माणसं असतात. ते मेंदूपेक्षा पत्त्याशी जोडलेलं दुःख आहे. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवा. मुंबईला पोटासाठी आलेल्या माणसाचा विरह तिथं बेळगाव-कारवारच्या विरहाला जाऊन मिळतो. त्यातलं खाजगी दुःख कुठं संपलं आणि राजकारण कुठं सुरू झालं, सांगता येत नाही. फॉर्मला मात्र ते वेगळं करावंच लागतं.

यावर उपाय नाही असं नाही. नव्वदच्या दशकात झिम्बाब्वेमध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. लोक आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात ते आधी गोळा केलं आणि त्यावरून शोना भाषेत चौदा प्रश्नांची यादी केली. त्या भाषेतला एक शब्द ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडचं ‘लई इचार येतात’ याहून फार लांब नाही. पुढं हरारेत डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून त्या ही यादी घेऊन लोकांशी बोलतात. आपल्याजवळ, गोव्यात, ‘संगत’ संस्थेनं स्थानिक माणसांनाच समुपदेशक केलं.

आपल्याकडच्या पुष्कळ सर्व्हेंना ‘समुदाय-आधारित’ म्हणतात, ते एवढ्यावरच की फॉर्म वस्तीत जाऊन भरला. समुदायानं उत्तरं दिली, प्रश्न नाहीत. मार्च 2020 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं निवाऱ्यांतल्या मजुरांना समुपदेशन द्यायला सांगितलं, त्यांची भीती घालवावी म्हणून. हेतू चांगला होता. पण गाडी कधी सुटेल, हे त्यांना समुपदेशक सांगू शकत नव्हता, आणि त्यांचा प्रश्न तर तोच होता.

नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. तो आला तेव्हा मॅनेजर दहा फुटांवर फोनवर बोलत उभा होता. मैत्रिणीनं पेन खाली ठेवलं. “चल, पाण्यापर्यंत जाऊन येऊ,” म्हणाली. ओहोटी होती. दोघं बराच वेळ चालले. ती काय बोलली ते मी विचारलं नाही. परत येताना तो मोबाईलमध्ये 14416 सेव्ह करत होता, टेली-मानसचा नंबर, चोवीस तास चालू असतो. फॉर्मच्या कडेला तिनं पेन्सिलीनं ‘करमत नाही’ लिहिलं होतं. रात्री एक्सेलमध्ये उत्तरं भरताना त्यासाठी रकाना नव्हता. तिनं तो वाढवला. गाइड काय म्हणतील, याची तिला अजून धाकधूक आहे.