आम्ही आणि आपण

मराठी माणसाला आपल्या भाषेतल्या एका सोयीची सहसा आठवण राहत नाही. समोरच्याला सोबत घेऊन बोलायचे असेल तर आपण ‘आपण’ म्हणतो. त्याला बाहेर ठेवायचे असेल तर ‘आम्ही’ म्हणतो. ‘आम्ही जेवलो’ म्हटले की पाहुण्याने काय ते ओळखावे. ‘आपण जेवू या’ म्हटले की त्याचे पान मांडले गेलेच. इंग्रजीत ही सोय नाही, फ्रेंचमध्येही नाही. तिथे दोहोंना शब्द एकच. आता ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशी हे व्याकरण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण एक कादंबरी आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. ती एकवीस दिवसांची म्हणून सुरू झाली आणि लांबत गेली. त्या दिवसांत जगभर अनेकांनी जे केले तेच मीही केले. आल्बेर कामूची ‘द प्लेग’ वाचायला घेतली. ही कादंबरी १९४७ सालची. फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियातले ओरान हे बंदर. एप्रिलमध्ये तिथे आधी उंदीर मरू लागतात, मग माणसे. शहराच्या वेशी बंद होतात. पत्रांतून रोग पसरेल म्हणून टपाल थांबते आणि वर्षानुवर्षांचे प्रेम दहा शब्दांच्या तारेत कोंबावे लागते. ही ताटातूट कामूने नुसती कल्पनेने लिहिलेली नाही. क्षयाच्या उपचारासाठी तो फ्रान्समध्ये आला होता. १९४२ च्या नोव्हेंबरात दोस्त फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि तो इकडे, पत्नी तिकडे अशी अवस्था झाली.

ही कादंबरी म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सचे रूपक, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण घरात कोंडून वाचताना मला त्यात दुसरीच एक गोष्ट दिसू लागली. हा सगळा प्रवास सर्वनामांचा आहे.

पादरी पानलूचे पहिले प्रवचन पाहा. भरल्या चर्चमध्ये तो गर्जून सांगतो की हे संकट म्हणजे शिक्षा आहे आणि तुम्ही तिला पात्रच आहात. सगळा भर ‘तुम्ही’वर. पुढे तो स्वयंसेवकांच्या पथकात काम करू लागतो. न्यायाधीश ओतों यांचा लहानगा मुलगा तासन्‌तास तडफडून मरतो, आणि ते पानलूला जवळ उभे राहून पाहावे लागते. त्यानंतरच्या दुसऱ्या प्रवचनाला गर्दी कमी असते, आवाजही उतरलेला असतो. तिथे कामू एक बारीकशी नोंद करतो : पादरी आता ‘तुम्ही’ म्हणत नाही. इंग्रजी भाषांतरात ‘वी’ आहे. मराठीत तिथे ‘आपण’ याखेरीज दुसरा शब्द चालणार नाही. पानलूची देवावरची श्रद्धा ढळलेली नाही, उलट ती अधिक कठोर झाली आहे. पण आता तोही आरोपींच्या रांगेत येऊन बसला आहे.

पॅरिसचा वार्ताहर रांबेर याचेही तेच. हे गाव माझे नाही, मला माझ्या माणसाकडे जाऊ द्या, एवढाच त्याचा धोशा. चोरवाटेने निसटण्याची सगळी तयारी होते आणि ऐन वेळी तो राहायचे ठरवतो. हे प्रकरण सगळ्यांचेच आहे, हे त्याला पटलेले असते.

इथवर कादंबरी मोठी आहे. पुढे मात्र अडचण येते. हा रांबेर ओरानला आलेला असतो तो अरबांच्या राहणीमानाची पाहणी करायला. सुरुवातीला एवढे सांगून होते आणि मग तो विषयच मिटतो. एवढ्या मोठ्या कादंबरीत नाव असलेला एकही अरब नाही. आयरिश समीक्षक कॉनर क्रूझ ओब्रायन याने १९७० साली यावर नेमके बोट ठेवले. कामूला अरबांची स्थिती ठाऊक नव्हती असेही नाही; अल्जीरियाच्या काबिलिया भागातल्या दारिद्र्यावर त्याने १९३९ मध्ये वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती.

कोणी म्हणेल, रूपकात शिरगणती कशाला? एरवी हे मान्य करता येईल. पण या कादंबरीचा निवेदक डॉ. रियू स्वतःला साक्षीदार म्हणवतो. सर्वांच्या वतीने बोलतो. ज्याने साक्ष देण्याचे पत्करले, त्याने कोणाला पाहिले नाही हे विचारावेच लागते. तो ज्याला घडोघडी ‘आपले नगरजन’ म्हणतो, त्याचे मराठी मी तरी ‘आमचे नगरजन’ असेच करीन.

टाळेबंदीत आपल्याकडेही ‘आपण’ हा शब्द फार स्वस्त झाला होता. आपण घरी राहू, आपण काळजी घेऊ. हे ‘आपण’ ज्यांना घर होते त्यांचे होते. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे कामगार मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. आमच्या ‘आपण’मध्ये ते नव्हते.

मग ही कादंबरी बाजूला ठेवावी काय? मला तसे वाटत नाही. जिथे ती कमी पडते तिथे तिला मोजण्याचे माप तिनेच, पानलूच्या दुसऱ्या प्रवचनात, आपल्या हाती दिले आहे. असे स्वतःवर उलटणारे माप देणारी पुस्तके थोडी असतात.

सुट्टीत कोणी ती वाचायला घेतलीच, तर ‘वी’ हा शब्द आला की क्षणभर थांबावे आणि मनातल्या मनात त्याचे मराठी करून पाहावे. प्रत्येक पानावर उत्तर एकच येणार नाही.